अवसेच्या शनिवारी नखं

शिक्षण किती, असं कुणी विचारलं की मी सांगते: दहावी नापास, नखं पास. लोक हसतात. हसू देत मेले. त्या नखांसाठी मी जेवढी रडले तेवढी दहावीच्या गणितासाठीही रडले नव्हते.

गोवा राज्य झालं त्याच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही तेव्हा डिचोलीत बाजाराच्या मागे दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. नवरा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, सासूबाई काजूच्या कारखान्यात, आणि नवीन लग्न झालेली मी घरात, धूळ पुसायला. ती धूळसुद्धा साधी नव्हे. खाणीवरून ट्रक सुटले की लाल भुकटी उडायची आणि दुपारपर्यंत जनेलाच्या गजांवर, पाण्याच्या कळशीवर, सगळीकडे बसायची. माझं माहेर केरीचं, पेडण्याच्या टोकाला, समुद्राकाठी. तिथं धूळ म्हणजे वाळू, झटकली की गेली. ही डिचोलीची धूळ केसांत बसली की उवांपेक्षा चिवट.

सासरचं गाव तेरेखोलच्या पलीकडे, सिंधुदुर्गात. सासरे तिथंच शेत सांभाळून होते आणि सासूबाई मुलासाठी इकडे आलेल्या. बाई तोंडाने फटकळ, पण हातांच्या बाबतीत फार लाजरी. काजू फोडताना कवचातलं तेल उडतं, ते कातडीला लागलं की भाजतं आणि काळं होतं. कितीही राख चोळा, कितीही खोबरेल लावा, बोटं पहिल्या पेरापर्यंत काळीच राहतात. नखं जाड होतात, चिरतात. घरी कुणी परकं आलं की सासूबाईंचे हात पदराखाली. हळदीकुंकवाला गेल्या तर बोटं मुठीत मिटून, फक्त कपाळ पुढे. चहासुद्धा बशी वर धरून अशा प्यायच्या की समोरच्याला बोटं दिसूच नयेत.

आणि ह्या बाईने ठरवलं होतं की सुनेनेही तिथंच जायचं. "घरात बसान काय करतलंस? मुकादमणीक सांगान ठेवलंय मी," असं एके दिवशी ताट वाढता वाढता सांगून मोकळी. मला काम करायचं नव्हतं असं नाही हो. पण ती बोटं! मी रात्रंदिवस तिच्या बोटांकडे बघायची आणि मग माझ्या बोटांकडे.

अशात बाजारातल्या एका महिला संस्थेने पाटी लावली: तीन महिन्यांचा वर्ग, केसांचं सेटिंग आणि नखांची निगा. मी नवऱ्याच्या मागे लागले. तो बिचारा आईच्या आणि माझ्या मधोमध ट्रकसारखा अडकलेला. शेवटी त्यानेच आईला पटवलं की तीनच महिने, पावसाआधी संपतं, मग बघू. सासूबाई म्हणाल्या, "नखां कापूक शिकूक होयां? आमी काय दातांनी कुरतडतव?" पण अडवलं नाही.

वर्गात आम्ही बाराजणी. शिकवणाऱ्या बाई म्हापशाकडच्या, ख्रिश्चन, फ्रॉक घालणाऱ्या, मायाळू पण कडक. त्या बोलायच्या कोंकणीत, फळ्यावर लिहायच्या इंग्रजीत आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो मराठीत. बाहेर मराठी की कोंकणी यावरून एवढं रान पेटलेलं, मोर्चे काय, पाट्यांना डांबर काय, आणि आमच्या त्या खोलीत तिन्ही भाषा एका मेजावर सुखाने नांदत होत्या. केस ओले करा, भाग पाडा, लोशन लावा, टोकाकडून रोलर गुंडाळत डोक्यापर्यंत न्या, पिन मारा, वाळवा आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय सोडू नका. थंड व्हायच्या आधी सोडले की सगळी मेहनत पाण्यात. नखांचं तसंच. कानस नेहमी कडेकडून मधे, करवतीसारखी पुढेमागे नाही. कोमट साबणाच्या पाण्यात बोटं भिजवा, नखाच्या मुळाची कातडी लाकडी काडीने हळूच मागे सारा, मालीश करा, मग रंग. पहिला हात पातळ, तो वाळला की दुसरा.

सराव कुणावर करणार? सासूबाई तर जवळ फिरकू देत नव्हत्या. म्हणून दुपारी जेवून घोरत पडलेल्या नवऱ्याच्या पायांची दहाही नखं मी एकदा लालचुटूक रंगवली. वाटलं होतं, उठायच्या आत पुसून टाकीन. पण शेजारीण बोलवायला आली, मी गप्पांत रमले आणि हा चपला अडकवून गेला खाणीवर. आठवडाभर ड्रायव्हर लोक त्याला "वयनीनू" म्हणून हाक मारत होते. मला वाटलं आता आपला वर्ग बंद. पण घरी आल्यावर तो पाय पुढे करून म्हणाला, "उजव्या अंगठ्याचो रंग नीट बसाक नाय." तेव्हापासून हा माणूस मला खरा आवडायला लागला.

मग ते पार्लरचं निघालं. बाजारात नवं पार्लर उघडत होतं आणि मालकीण आमच्या बाईंच्या ओळखीची. तिला हाताखाली एकजण पाहिजे होती, पण सर्टिफिकेटवाली. बाईंनी माझं नाव सुचवलं. परीक्षा शनिवारी, निकाल जागच्या जागी, काम सोमवारपासून. आणि मुकादमणीनेही सोमवारचाच वायदा केलेला. म्हणजे पास झाले तर सोमवारी पार्लर आणि नापास झाले तर सोमवारी काजू. एवढं सरळ.

आता आमचा शहाणपणा ऐका. परीक्षेची तारीख ठरवताना बाईंनी आम्हाला विचारलं होतं, महिन्याचा शेवटचा शनिवार चालेल ना? आम्ही बाराजणी एका सुरात "चालेल". पणजीहून परीक्षकबाई येणार या भीतीने आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं. बाई ख्रिश्चन, त्यांना काय ठाऊक. पण आम्ही? बाराच्या बारा हिंदू घरातल्या, प्रत्येकीच्या भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही की शनिवारी कुणी नखं कापत नाही. तेवढ्याने भागलं नाही म्हणून त्या शनिवारी अवसही होती!

प्रत्येकीने स्वतःचं मॉडेल आणायचं होतं. माझं मॉडेल म्हणजे शेजारची कॉलेजातली पोरगी. लांबसडक बोटं, गुलाबी नखं, खांद्यापर्यंत केस. नुसत्या फुंकरीने सेट होतील असे. शुक्रवारी दुपारी तिची आई दारात उभी राहिली. "गो बाये, शनिवारी, आणि अवसेक, माझ्या पोरीचीं नखां कापतलंस? तिका बघूक येवचे आसत पुढल्या महिन्यान!" मी म्हटलं, कापणार नाही, नुसती घासते. ती म्हणाली, घासली म्हणजे काय वाढतात?

मी धावत संस्थेत गेले, तर तिथं अर्धा वर्ग तोंड पाडून बसलेला. सगळ्यांचीच मॉडेलं पळाली होती. त्यातल्या दोघी हुशार, त्यांनी तोवर ख्रिस्तांववाड्यातल्या मैत्रिणी गाठल्या होत्या. दुसऱ्या एकीने बहिणीला पटवलं होतं की कानस म्हणजे कापणं नव्हे, शनिदेवाला कात्रीचाच काय तो राग. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, परीक्षकबाई एकदाच येणार, तारीख बदलणार नाही, ज्याचं मॉडेल नाही त्याची परीक्षा नाही.

मी घरी आले आणि चुलीपुढे बसून मोठ्याने रडले. लाजबीज काही ठेवली नाही. सासूबाई कामावरून आल्या, पदराने घाम पुसला, म्हणाल्या, "कोण मेलां?" मी सगळं सांगितलं. आतल्या आत वाटत होतं, ही आता खूश होणार. सोमवारी आपल्या शेजारी सून बसणार म्हणून.

त्यांनी हात धुतले. मग समोर बसल्या आणि पहिल्यांदाच आपले दोन्ही हात माझ्यापुढे, चुलीच्या उजेडात, उताणे न ठेवता नखं वर करून धरले.

"हीं चलतली?"

मी रडायची थांबले. म्हटलं, "आये, तुमी? उद्या शनिवार. अवस."

"ह्या नखांका काजूच्या तेलान आधीच खाल्ल्यान हा. आता शनिवार आणि काय खातलो?" आणि मग चिडून, "रडतंस काय अशी? उठ, पाणी तापय. केस आजच धुवक होये, उद्या अवसेक मी न्हावचंय नाय. तेवढां मी पाळतंय."

शिकेकाई, रिठा, पुन्हा रिठा. एवढ्या वर्षांचं खोबरेल होतं त्या डोक्यात. दिवेलागणीच्या आत तीनदा धुतले तेव्हा कुठे केस सुटे झाले. पांढरे, दाट, कमरेपर्यंत. मी कधी ते मोकळे पाहिलेच नव्हते.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. सासूबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. वर्गात शिरताना त्यांचे हात पुन्हा पदराखाली गेले. परीक्षकबाई मेजामागे बसल्या होत्या, जाड चष्मा, मोठं कुंकू, हसणं म्हणजे काय ते माहीत नसल्यासारखा चेहरा. त्यांनी मला बोलावलं आणि सासूबाईंना म्हटलं, "हात तुवाल्यार दवरात."

पांढरा शुभ्र तुवाला मेजावर अंथरलेला. सासूबाई त्या तुवाल्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ही उठून जाणार. मी त्यांच्या कानात म्हटलं, "आये, माझ्यासाठी." त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि हात ठेवले. बाजूच्या मेजावरची एक पोरगी बघून चटकन दुसरीकडे वळली. त्या पोरीचा मला असा राग आला की विचारू नका. त्या रागानेच माझा हात स्थिर झाला.

मी नखं कापली. कात्री आधी बसेचना एवढी जाड. कापली, कडेकडून मधे घासली, भिजवली. पाणी चहासारखं झालं. मी ते ओतून दुसरं आणलं, मग तिसरं. लिंबाची फोड घेऊन एकेका नखावर फिरवली. काळं सगळं गेलं नाही, ते जाणारही नव्हतं. आमच्या वर्गाच्या बाईंनी जवळून जाताना हळूच सुचवलं, गडद रंग लाव, झाकून जाईल. मी फिकट गुलाबी बाटली खाली ठेवली आणि सासूबाईंना विचारलं, "खंयचो लावू?"

"नवऱ्याक लायलंस तो," त्या म्हणाल्या. "तांबडो."

रंग वाळेपर्यंत मी डोक्याला लागले. पुढचे आणि माथ्यावरचे केस रोलरवर घेतले, लोशन, पिना, आणि त्यांना टोपीच्या ड्रायरखाली बसवलं. त्या ड्रायरचा आवाज म्हणजे कानात ट्रक चालू. आत बसलेल्याला स्वतःचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही, त्यामुळे माणूस ओरडूनच बोलतो, आणि हे त्याला कळत नाही. सासूबाई माझ्याशी कुजबुजायला गेल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "ही चष्मेवाली हसता तरी काय गो कधी?"

परीक्षकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी खुणा करतेय, गप्प बसा, गप्प बसा. त्यांना वाटलं मी विचारतेय, बरं वाटतंय का. पुन्हा तशाच ओरडल्या, "बरां वाटता! तुझो हात हलको आसा! माझ्या हाताक अशी कोणी हात लावकच नाय कधी!"

तीन महिने, तीन महिने कशाला, लग्न झाल्यापासून ह्या बाईने माझ्या आमटीलासुद्धा बरं म्हटलं नव्हतं. मी पाठ वळवून पिना शोधायचं नाटक केलं. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पिना कुठल्या दिसणार.

केस थंड होऊ दिले. एकेक रोलर सोडला, माथ्यावर उलटा कंगवा मारून फुगा दिला, वरून ब्रश फिरवला, मागचे सगळे केस वळवून फ्रेंच रोल घातला. पांढऱ्या केसांवर तो काय दिसला म्हणून सांगू! बाकीच्या बाया आपापलं काम सोडून बघायला आल्या. परीक्षकबाईंनी रोल चाचपला, एकेक बोट उचलून पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं. मग फॉर्म पुढे सरकवला. वर मॉडेलचं नाव मी सकाळीच भरलं होतं. खाली ग्राहकाची सही पाहिजे होती. ती नसली तर फॉर्म बाद.

"सही येत नसल्यास अंगठा," त्यांनी सांगितलं आणि शाईचा डबा उघडला. सासूबाई कायम अंगठाच द्यायच्या. रेशनला अंगठा, कारखान्यात अंगठा, घरभाड्याच्या कागदावर अंगठा. मी त्यांचं मनगट धरायला गेले तर त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"ती शाई? ह्या अंगठ्याक?" त्या उभ्याच राहिल्या. "सकाळधरान घासल्यान हा सुनेन तो! मी नाय बुडवचंय."

"अंगठो ना जाल्यार सही जाय," परीक्षकबाई म्हणाल्या. "एक कितें तरी जाय." म्हणजे दोन्हीतलं एक पाहिजेच.

एवढं सगळं होऊन आता अंगठ्यावरून सोमवारी काजू! मी म्हटलं, "आये, बुडवा हो, मी घरी गेल्यावर परत लावते." पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. परीक्षकबाईंच्या हातातलं पेन घेतलं, खुर्चीत बसल्या, जिभेचं टोक बाहेर काढलं आणि लिहायला लागल्या. एकेक अक्षर पाटीवर काढावं तसं मोठं, गोल, वर सरळ रेघ ओढून. किती वेळ लागला देव जाणे. लाल नखांमध्ये ते पेन कसं घट्ट धरलं होतं ते मला अजून दिसतं.

परीक्षकबाईंनी वाचलं. वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. "हें नांव वयल्या नांवाकडेन जुळना. दुसऱ्या बायलेची सही चलची ना."

मीही वाकून वाचलं. एक नाव, मग एका पुरुषाचं नाव, मग एक आडनाव. तिन्ही मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

"दुसरी बायल नाय ती. मीच ती," सासूबाई म्हणाल्या. "ह्यां नाव माझ्या बापाशीन ठेवलेलां. वयलां लग्नात ठेवलेलां. दुसरीपर्यंत शाळेत गेलेलंय मी, थंय ह्यां माका लिवक शिकवल्यानी. तां वयलां माका कोणी शिकवल्यानच नाय. मगे अंगठोच."

माझंही नाव लग्नात बदललं होतं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं आणि झालं. पण मला दोन्ही लिहिता येत होती. असंही होऊ शकतं हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नव्हतं. लिहायला येणारी बाई आयुष्यभर अंगठा देत राहिली होती.

परीक्षकबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मी वर लिहिलेलं नाव एका रेघेने खोडलं आणि खालचं नाव बघून बघून तिथं लिहिलं. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुजें काम बरें आसा. पूण गिरायकाचें नांव तुका खबर ना. दोन मार्क कमी." आणि खाली लिहिलं, पास. त्या दोन मार्कांबद्दल मी आजतागायत तक्रार केलेली नाही.

फॉर्मची कार्बन प्रत घेऊन आम्ही घरी आलो. नवरा खाणीवरून आला तो लाल मातीने माखलेला, दारातच थबकला. एकदा आईचा फ्रेंच रोल बघतो, एकदा तिची लाल नखं. मी पास झाले म्हणून सांगितलं आणि प्रत पुढे केली. त्याने ती दिव्याखाली धरून वाचली, आणि माझं नाव सोडून दुसऱ्याच ओळीवर अडकला.

"आये, ह्यां कोणाचां नाव?"

"तुझ्या आवशीचां, मेल्या," सासूबाई म्हणाल्या. "हाक मार बघया."

पोटच्या पोराला आईला नावाने हाक मारता येईना. माझ्याकडे बघायला लागला. सुनेने सासूचं नाव घ्यायचं नसतं, मला काय माहीत नव्हतं? पण मी घेतलं. वर्गात बाई हजेरीला घेतात तसं, खणखणीत, बापाच्या नावासकट.

आणि माझी सासू खुर्चीत ताठ बसली, लाल नखांचा हात डोक्यावर उंच केला, आणि म्हणाली, "हजर!"